खणांचा वाडा
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाड्यांच्या बांधणीविषयी : प्रस्तावना

वाडा म्हटले की मराठी माणसाला आधी दगड आठवतो. पुरुषभर उंचीचे जोते, काळ्या पाषाणाची भिंत, अणकुचीदार खिळे ठोकलेला दरवाजा, त्यातली वाकून जायची दिंडी, वर नगारखाना. ‘चिरेबंदी’ हे विशेषण वाड्याला असे चिकटले आहे की ते वेगळे काढता येत नाही. आपल्या साहित्यानेही वाड्याकडे पाहिले ते बहुतेक कुटुंबाची पडझड सांगण्यासाठी. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५मध्ये रंगभूमीवर आले आणि वाडा हा आपल्याकडे ढासळत्या घराण्याचा दुसरा पर्यायच होऊन बसला. या सगळ्यात इमारत म्हणून वाडा कसा उभा राहतो, त्याचे ओझे कुठून कुठे जाते, तो कोणी आणि कशाने बांधला, हे प्रश्न मागे राहिले.

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या वाड्यात दिंडीतून आत जावे, ढेलज ओलांडून चौकात उभे राहावे आणि मान वर करावी. तिथे दगड दिसत नाही. चारी बाजूंना सागवानी खांबांच्या रांगा, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर माडी, माडीवर पुन्हा खांब आणि शेवटी छप्पर. बाहेरच्या तीन-चार फूट जाडीच्या भिंतीतही जागोजागी खांब पुरलेले असतात. भिंत आडोसा देते, ऊन अडवते, चोर-दरोडेखोरांना थोपवते. पण छप्पर आणि माडी पेलण्याचे मुख्य काम लाकडाचे. म्हणून या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे : आपला वाडा ही दगडी कवच घातलेली लाकडी इमारत आहे, आणि तिचा हिशेब खणात होतो. हे ध्यानात घेतले की वाड्याची रचना, त्यातले राहणे, त्याच्या वाटण्या, भूकंपात आणि पुरात त्याचे झालेले हाल आणि आज त्याचे होत असलेले तुकडे, या साऱ्यांचा परस्परांशी संबंध लागतो.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचाच विचार का, याचे कारण इतिहासात आहे तसे पावसातही आहे. १७०८मध्ये शाहू महाराजांना साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसू लागले. गडावरची राजधानी सपाटीवर उतरली आणि छत्रपतींच्या भोवती सरदार, मुत्सद्दी, सावकार यांची घरे उठली. औंध आणि कराडकडे पंतप्रतिनिधी, वाईत रास्ते, फलटणला नाईक निंबाळकर, जतला डफळे, मिरज-तासगावला पटवर्धन, अशी लहानमोठी सत्ताकेंद्रे कृष्णेच्या खोऱ्यात आणि तिच्या आसपास होती. १८०१मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीला आपले ठाणे केले आणि नदीकाठच्या त्या गावाला राजधानीचे रूप आले. प्रशासनाच्या नकाशावरही हा मुलूख बराच काळ जोडलेलाच होता : संस्थाने विलीन झाल्यावर १९४९मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला आणि १९६०मध्ये त्याचे नाव सांगली पडले.

पावसाची गोष्ट वेगळी. या मुलखाच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेला माण, आटपाडी, जत या भागांत जेमतेम पाचशेच्या आसपास. दीड-दोनशे किलोमीटरच्या आत छप्पर पूर्ण बदलते. जावळी-पाटणकडे उतरती कौलारू छपरे, लांब बाहेर आलेले वासे, पावसाळ्यात भिंतींना बांधायच्या झडप्या. मधल्या कृष्णाकाठी दोन्ही प्रकार. माणदेशाकडे गेले की सपाट धाबे : कड्या-फळ्यांवर मातीचा जाड थर, वर पांढऱ्या मातीचा लेप आणि पाणी काढून द्यायला दगडी किंवा लाकडी पन्हळ. छप्पर असे बदलले तरी खालचा लाकडी सांगाडा मात्र तोच राहतो. जावळीतले घर आणि जतमधले घर एकाच व्याकरणाने उभे असतात. हे व्याकरण शिकायला यापेक्षा सोयीचा प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आता ते व्याकरण पाहू, जमिनीपासून वर.

पाया भरून जोते उचलले की खांबांच्या जागी घडीव दगडाचे तळखडे बसतात. खांब जमिनीत पुरायचा नाही, दगडावर उभा करायचा, हा पहिला नियम. जमिनीतली ओल लाकडाला लागली की खांबाचा पाय कुजतो आणि वाळवीला वाट मिळते. मध्ये दगड असला की खांब कोरडा राहतो. तळखड्यावर पुष्कळदा कमळाच्या पाकळ्या किंवा साधी पट्टी कोरलेली असते. त्यावर खांब. श्रीमंत वाड्यात तो सुरूच्या झाडासारखा खाली भरदार आणि वर निमुळता, म्हणून सुरूदार. साध्या घरात तो चौकोनी, कडा मारलेला. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना हात पसरणारा लाकडी तुकडा येतो. त्याने खांबाचा आधार रुंद होतो आणि वरच्या तुळईचा मोकळा पल्ला तेवढा कमी होतो. हे शोभेचे काम वाटते, पण त्यामुळे तुळई वाकत नाही. तिच्यावर आडव्या कड्या आणि कड्यांवर जाड फळ्या, हा कडीपाट. कडीपाटावर मातीचा थर, त्यावर सारवण किंवा फरशी. या मातीने माडी उन्हाळ्यात गार राहते आणि खालच्या बोलण्याचा आवाजही वर कमी जातो.

सांधे जोडताना लोखंड फार कमी. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढायचे, दुसऱ्यात तेवढीच खाच घ्यायची, एकात एक बसवून पाचर ठोकायची. खिळे दिसतात ते दरवाजांवर, आणि तेही हत्तीच्या धडकेची आठवण म्हणून अधिक. खाचेत बसलेला सांधा थोडा हलू शकतो. त्याचे महत्त्व पुढे भूकंपाच्या प्रकरणात येईल.

दिवाणखान्यात खांबांच्या मधोमध ज्या नक्षीदार महिरपी दिसतात, त्यांच्याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. दगडी कमान भार वाहते. वाड्यातली लाकडी महिरप भार वाहत नाही. खांबांच्या मध्ये कोरीव फळ्या बसवून ती केलेली असते, आणि ती काढून घेतली तरी इमारतीला धक्का लागत नाही. तिच्यावर लोंबणारी केळफुले, कोपऱ्यातले पोपट, वेलबुट्टी, सारे डोळ्यांसाठी आहे. मुघल आणि दख्खनी दरबारांच्या दगडी कमानींचे रूप मराठी सुताराने लाकडात घेतले ते असे. खरे काम करणारी तुळई तिच्या मागे साधीच असते.

भिंतीचे काम वेगळे हात करतात. जोत्यापासून खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत किंवा पहिल्या मजल्यापर्यंत घडीव काळा दगड, त्याच्या वर पातळ विटा किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे. जिथे ऐपत होती तिथे चुन्याचा गिलावा. चुना विरवून, वाळू घालून, बैलाच्या घाणीत दळायचा. त्यात गूळ, बेलफळाचा गर, ताग, हिरड्याचे पाणी, उडदाचे पीठ असे प्रांताप्रांतांत आणि कारागिरागणिक बदलणारे जिन्नस पडत. भिंतीच्या जाडीतच जिने घातलेले असतात, अंधारे आणि अरुंद. एका वेळी एकच माणूस चढू शकेल असे. कोनाडे, फडताळे आणि काही ठिकाणी धान्याची बळदेही याच जाडीत मावतात. म्हणजे भिंत भार वाहत नसली तरी रिकामी बसत नाही.

दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. बहुतेक वाड्यांत ते पाच ते आठ फुटांच्या दरम्यान भरते, कारण हाताशी मिळणाऱ्या कड्यांना त्याहून लांब पल्ला मातीच्या थरासकट झेपत नसे. झाडाच्या ताकदीने ठरलेले हे माप घरातल्या प्रत्येक गोष्टीचे माप झाले. सोपा किती खणांचा, माजघर किती खणांचे, देवघराला एक खण की दीड, असा हिशेब. दर्शनी बाजूला खण तीन, पाच, सात असे विषम ठेवत, म्हणजे दरवाजा मध्यावर येतो. जुन्या कागदांत घराची मोजदाद ‘इतके खण’ अशीच सापडते. भाऊ वेगळे झाले की वाटणीही खणांनी होई : थोरल्याकडे पूर्वेचे चार, धाकट्याकडे पश्चिमेचे चार, चौक आणि आड सामाईक. सांगाडा सारख्या मापाचा असल्यामुळे दोन खांबांच्या मध्ये भिंत उभी करून घर तोडणे सोपे, आणि ती पाडून पुन्हा जोडणेही सोपे. आज जे वाडे आतून भूलभुलैयासारखे वाटतात, ते मुळात तसे बांधलेले नसतात. पिढ्यापिढ्यांच्या वाटण्या त्या खणांत साचलेल्या असतात.

चौक हा या रचनेचा दुसरा आधार. इमारत मोठी करायची तर खोली रुंद करता येत नव्हती. म्हणून चौक वाढवले. पहिला चौक कचेरीचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा, दुसरा घरच्या माणसांचा, तिसरा स्वयंपाक, आड आणि तुळशीवृंदावनाचा, त्यामागे गोठे आणि पागा. कोणाला कोणत्या चौकापर्यंत यायची मुभा होती, यावर त्या काळच्या जातीचा, स्त्री-पुरुषांचा आणि मानमरातबाचा सगळा हिशेब उभा होता. हे सांगितल्याशिवाय चौकाच्या सौंदर्याचे वर्णन अपुरे राहते. पुढच्या प्रकरणांत प्रत्येक नकाशाबरोबर कोण कुठे राबत असे याची नोंद ठेवली आहे ती यासाठीच.

वाईजवळच्या मेणवलीत हे सारे एका ठिकाणी पाहता येते. नाना फडणवीसांचा जन्म १७४२मध्ये साताऱ्यातच झाला. मेणवली हे गाव त्यांना औंधच्या पंतप्रतिनिधींकडून १७६८मध्ये मिळाले आणि कृष्णेच्या काठावर त्यांनी सहा चौकांचा वाडा उभा केला, समोर घाट आणि मेणेश्वराचे देऊळ. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’ चित्रपटानंतर (२००४) तिथे माणसांची रीघ लागते, पण बहुतेकांची पावले घाटावर थांबतात. वाड्यात शिरल्यावर कळते की पेशवाईचा कारभार हाकणाऱ्या माणसाच्या घरात डोळे दिपवणारे फार थोडे आहे. खांबांच्या रांगा नेटक्या, चौक एकामागून एक, काही भिंतींवर चित्रे, आणि सगळीकडे मापाची शिस्त. शेजारच्या वाईत रास्त्यांनी कृष्णाकाठी घाट, मंदिरे आणि वाडे बांधले. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी उभारलेले ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२चे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या घराण्यातल्या. रास्त्यांच्या मोतीबागेतली भित्तिचित्रे अभ्यासकांना परिचित आहेत. या पुस्तकात आम्ही त्या चित्रांच्या मागची भिंत आणि वरची तुळई पाहिली आहे.

मोठ्या दिवाणखान्यांचा इतिहास आणखी एक गोष्ट सांगतो. रुंद जागा हवी असली की सुतार मधला भाग मोकळा ठेवी आणि दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा लावी. असा दिवाणखाना कोणत्याही कामाला येतो. सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमी आपला जन्मदिवस तिथून मोजते. साताऱ्यात राजवाड्याच्या वास्तूत इंग्रजी शाळा भरू लागली आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव तिथल्या पटावर चढले. महाराष्ट्र हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. ज्या चौकांची रचनाच माणसाला पायरी-पायरीने आत घेण्यासाठी आणि बाहेर ठेवण्यासाठी झाली होती, त्याच प्रकारच्या वास्तूतून हे नाव पुढे निघाले. खांबांच्या रांगांना कोणाचे काय घडते याच्याशी देणेघेणे नसते. दरबार, नाटक, शाळा, न्यायालय, सगळे त्यांच्यामध्ये मावते.

लाकडी सांगाड्याची घरे हा काही एकट्या महाराष्ट्राचा ठेवा नव्हे. इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातला लिटल मोरटन हॉल हा जमीनदार मोरटन घराण्याचा वाडा तुलनेला घेण्यासारखा आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे काम सुरू झाले आणि पुढची शंभर वर्षे तो वाढत राहिला. भोवती खंदक, मध्ये चौक, ओकच्या लाकडाचा सांगाडा आणि मधल्या चौकटींत काठ्यांचे विणकाम करून लिंपलेली माती. अखेरीस सर्वांत वरती लांबलचक दालन चढवले गेले आणि त्याच्या जड दगडी छपराने खालचा सांगाडा वाकला. आज ती इमारत अक्षरशः वळलेली दिसते, पण उभी आहे. १९३८पासून ती नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे.

साम्य आहे, तसा फरकही. इंग्रज सुतार ओक ओला असतानाच कापून जोडत, मग लाकूड वाळताना सांधे आवळले जात आणि घर थोडे वाकडे होई. आपल्याकडे सागवान मुरवून, वाळवून वापरण्यावर भर. म्हणून आपले खांब सरळ राहतात. त्यांनी सांगाडा रस्त्याच्या बाजूला उघडा ठेवला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी मिरवला. आपण रस्त्याला दगड दाखवला आणि लाकूड चौकाकडे वळवले, कारण रस्त्यावरून कधी पेंढारी येत, कधी शत्रूचे घोडदळ, आणि दर वर्षी चार महिने पाऊस. पण मला सर्वांत जास्त बोचतो तो तिसरा फरक. त्या घराच्या चौकातल्या खिडक्यांवर १५५९ हे साल आहे, मालकाचे नाव आहे, आणि त्याखाली खिडक्या करणाऱ्या सुताराचेही नाव कोरलेले आहे : रिचर्ड डेल. चारशेहून अधिक वर्षे ते मालकाच्या नावाबरोबर उभे आहे. आपल्या वाड्यांवर सरदारांची नावे आहेत, शिलालेखांत देवांची आहेत. ज्यांनी खांब घडवले, कुसू काढले, महिरपी कोरल्या, त्या सुतारांची नावे शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. गावगाड्यात बलुत्यावर राबणारा सुतार आणि सरदाराच्या कामावर दुरून बोलावलेला कसबी सुतार, दोघेही निनावी राहिले. त्यांचा हात मात्र ओळखता येतो. एकाच खोऱ्यातल्या चार-पाच वाड्यांत खांबाच्या डोक्याची तीच घडण, महिरपीची तीच वळणे दिसली की एखादा माणूस किंवा त्याचे घराणे तिथे काम करून गेले हे समजते. नाव नसले तरी हात नोंदवायचा, असे आम्ही ठरवले.

या सांगाड्याने चार परीक्षा दिल्या आहेत : आग, भूकंप, पूर आणि बाजार.

आगीत तो नापास होतो, हे स्पष्ट म्हणावे लागते. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १७३०ची. १८२८च्या आगीत आतली सगळी लाकडी इमारत गेली आणि तट, बुरूज नि जोती उरली. आज तिथे जाणाऱ्याला वाटते की वाडा दगडाचाच होता. सातारा-सांगलीच्या बाबतीत आगीचा सर्वांत कडू प्रसंग १९४८चा. गांधीहत्येनंतर या भागातल्या अनेक गावांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. व्यंकटेश माडगूळकर याच मुलखातले, माडगुळ्याचे. त्यांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्या दिवसांवर आहे. त्या वेळच्या समाजाविषयी बोलायची ही जागा नव्हे, पण वास्तूंच्या यादीत जिथे फक्त जोते उरले आहे तिथे त्याचे कारण लिहिले पाहिजे, आणि ते लिहिले आहे.

भूकंपात हाच सांगाडा वेगळा वागतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला, रिश्टर मापनावर साडेसहाच्या आसपास; पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. पाहणी करणाऱ्या तज्ज्ञांनी तिथे एक गोष्ट नोंदवली : जिथे छप्पर लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होते, तिथे भिंती ढासळूनही कित्येक घरांत छप्पर उभे राहिले. खाचेत बसलेले सांधे हलतात, जोर पचवतात आणि तुटत नाहीत. काश्मीरमधल्या धज्जी घरांचे आणि १७५५च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा उभारताना भिंतींत घातलेल्या लाकडी पिंजऱ्यांचे तत्त्व हेच. मात्र ही काही जादू नव्हे. मातीमध्ये रचलेला गोल दगड निखळतो, आणि पाय कुजलेला खांब कोणालाही वाचवत नाही. चांगल्या अवस्थेतला सांगाडा वाचवतो, एवढेच खरे.

पुराची परीक्षा सांगलीची. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि गावभाग पाण्याखाली राहिला. २००५ला पाणी आले होते, २०२१ला पुन्हा आले. भेंड्यांची भिंत पाण्यात राहिली की विरघळते आणि बसते. सागवानी खांब मात्र पाणी ओसरल्यावर वाळतो. अशा वेळी भिंत पुन्हा भरली तर घर परत उभे राहते. घाईने सिमेंटचा गिलावा मारला तर आतली ओल कोंडते, खांबाचा पाय त्यात भिजत राहतो आणि पुराने न केलेले काम दुरुस्ती करते. चुन्यामातीची भिंत श्वास घेते. तिला तशीच दुरुस्त करणे स्वस्तही पडते. जमिनीवर फरशीवर फरशी चढवून तळखडा गाडून टाकण्याची सवयही तितकीच घातक आहे.

बदल काही आजचे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगळुरी कौले आली, १८८०च्या दशकात रेल्वे आली, पाठोपाठ लोखंडी गर्डर आले आणि खणाची जुनी मर्यादा संपली. गर्डर आणि सागवानी खांब एकत्र नांदणारे वाडे या भागात पुष्कळ आहेत आणि त्यांना भ्रष्ट म्हणण्याचे कारण नाही. त्या काळच्या सुताराने नवे साहित्य जुन्या मापात बसवले. मोठा आघात स्वातंत्र्यानंतरचा : कुळकायदा झाला, इनामे-वतने गेली, आणि वाडा चालवणारे उत्पन्न थांबले. ते कायदे न्याय्य होते. कसणाऱ्याला जमीन मिळाली. पण इमारतीचा खर्च कोणी उचलायचा हा प्रश्न त्या दिवसापासून अनुत्तरित आहे.

म्हणून चौथी परीक्षा बाजाराची, आणि ती सध्या चालू आहे. लाकडी सांगाडा सुटा होतो, हे त्याचे बळ आणि हाच त्याचा धोका. वारसदार पंधरा-वीस, कोणी पुण्यात, कोणी परदेशात, छप्पर गळते, जागेला भाव आलेला. अशा वेळी जुन्या लाकडाचा व्यापारी येतो, खांब मोजतो आणि रक्कम सांगतो. दगडी भिंतीला गिऱ्हाईक नसते. शंभर-दोनशे वर्षे मुरलेल्या सागवानाला असते. आठवड्याभरात वाडा उतरतो आणि त्याचे खांब, दरवाजे, महिरपी कुठल्या तरी रिसॉर्टात, हॉटेलात, शेतघरात जाऊन उभे राहतात. लाकूड वाचते, ते जळण झाले नाही, याचे समाधान मानावे. पण कोणता खांब कोणत्या चौकातला, कोणत्या तुळईखालचा, हा धागा तुटला की तो केवळ सजावटीचा तुकडा होतो. विकणाऱ्या मालकाला दोष देणे सोपे आहे. ज्याच्या डोक्यावर रोज गळते त्याला वारशाचे व्याख्यान देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याला हवा असतो तो दुरुस्तीचा खरा अंदाज, चुन्याचे काम जाणणारा गवंडी, सांधा बदलू शकणारा सुतार. असे लोक अजून आहेत, आणि त्यांच्याकडून ऐकलेले पुष्कळ या पुस्तकात उतरले आहे.

पुस्तकाची मांडणी याच विचाराने केली आहे. पहिला भाग साहित्याचा : दगड, माती, चुना, सागवान, आणि ते कुठून येई. आज्ञापत्रात आंबा-फणसासारखी रयतेची झाडे तोडण्यावर घातलेला निर्बंध त्या संदर्भात येतो, कारण जंगलावरची सत्ता आणि घरातली तुळई यांचा संबंध तेव्हाही जवळचा होता. दुसरा भाग बांधणीचा, खणांच्या मापांसह. तिसऱ्यात वाई, मेणवली, सातारा, कराड, औंध, फलटण, तासगाव, मिरज, सांगली अशा ठिकाणांची आणि माणदेशातल्या काही गढ्यांची वर्णने. चौथा भाग दुरुस्तीचा. तो मालकांनी आणि कारागिरांनी वाचावा अशी इच्छा आहे. महाबळेश्वर-पाचगणीचे इंग्रजी बंगले इथे घेतलेले नाहीत. त्यांची बांधणी आणि त्यांतले राहणे निराळे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवे. देवळे आणि किल्लेही वगळले आहेत. त्यांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. वाड्यांचे मालक, राहणारे भाडेकरू, गवंडी, सुतार यांनी दारे उघडली, माळे दाखवले, कागद काढून दिले. त्यांच्या घरांच्या सुरक्षेसाठी राहत्या वाड्यांचे नेमके पत्ते दिलेले नाहीत.

वाचकाकडे एक मागणे आहे. गावाकडे आपला, आजोळचा किंवा शेजारचा वाडा उभा असेल तर त्याचा एक साधा आराखडा कागदावर काढावा. किती चौक, किती खण, दोन खांबांत किती अंतर, कोणत्या खांबाचा पाय कुजला आहे, कोणती भिंत नंतर घातली आहे. तेवढ्यावर चांगला सुतार दुरुस्तीचा अंदाज देऊ शकतो, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर निदान मोडण्याआधीची नोंद राहते. सरकार, विद्यापीठे, संग्रहालये यांनी करायची कामे आहेतच. पण हजारो खासगी घरांची मोजणी बाहेरून कोणी येऊन करणार नाही. ती त्या घरांत वाढलेल्यांनीच करायची आहे आणि तिला फूटपट्टी, वही आणि एक मोकळा रविवार पुरतो. या पुस्तकातले नकाशे याच पद्धतीने काढलेले आहेत. त्यांत चुका सापडल्या, भर घालता आली, एखाद्या निनावी सुताराचे नाव कोणाच्या घरच्या कागदांत मिळाले, तर पुढच्या आवृत्तीत ते सगळे मालकाच्या नावाच्या शेजारी छापले जाईल.